नोंद नसलेले तीन दिवस

हे प्रकरण विसरावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केले. जमलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि निवृत्त झाल्यावर लोक मला त्याच गोष्टी विचारतात. मी सांगतोही रंगवून. पण सकाळी एकटा चहा घेत बसलो की डोक्यात येतं ते एका हरवलेल्या बॅगेचं प्रकरण. त्यात एका माणसाचं आयुष्यभराचं काम गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं. नावं कुणाचीच लिहीत नाही, क्लबचंही नाही. अंधेरीत राहणाऱ्यांना कळायचं ते कळेल.

क्लब म्हणजे नाइट क्लब. मेन रोडवरच्या एका इमारतीच्या तळघरात आहे. असले क्लब दोन-चार वर्षांत गाशा गुंडाळतात, हा मात्र चाळीस वर्षांच्या आसपास टिकून आहे. सुरुवात केली ती कॉलेजच्या सात मुलांनी. स्नेहसंमेलनातला नाच प्रिन्सिपॉलनी आयत्या वेळी रद्द केला, तेव्हा यांनी ठरवलं की आपण आपला नाच बाहेर करू. सातांपैकी एकाची आत्या जवळच्या गावठाणात राहायची. जुनं ख्रिश्चन घर, मागे एक लांबलचक खोली, तिथे पूर्वी सुकी मासळी साठवायचे. त्या खोलीत दर रविवारी दुपारी तीन ते सात रेकॉर्ड लावायच्या आणि घामाघूम होईपर्यंत नाचायचं. प्यायला लिंबू सरबत. आत्या अधूनमधून डोकावून जायची, त्यामुळे भलतंसलतं काही चालायचं नाही.

पुढे चौघं नोकरीला लागले, कुणी दुबईला गेलं, कुणी कॅनडाला. दोघांनी रीतसर परवाने काढून क्लब मेन रोडवर आणला आणि मालक झाले. लाइट आले, डीजे आले, बार आला, दाराशी रांगा लागल्या. पण रविवारची दुपार त्यांनी सोडली नाही. त्या वेळात आजही फक्त कॉलेजची मुलं आणि फक्त सरबत. उरला सातवा, ज्याच्या आत्याची ती खोली होती. तो पहिल्या रविवारी दारावर उभा राहिला तो तिथेच राहिला. पोरं त्याला अंकल म्हणू लागली. नियम त्यानेच घालून दिला होता: आत कोण आहे हे दारावरून कुणालाही सांगायचं नाही. आईबापांना नाही, प्रिन्सिपॉलना नाही, पोलिसांना तर नाहीच. घरी खोटं सांगून आलेल्या मुलामुलींचा सगळा भरवसा त्या एका नियमावर होता.

यापुढे मी या अंकलना 'ते' म्हणणार आहे. पोलीस स्टेशनात मी 'तू' म्हणालो होतो, म्हणून इथे तरी.

त्या वेळी मी सीनियर इन्स्पेक्टर होतो. एका सोमवारी सकाळी, रोल कॉल नुकताच संपला होता, एक मुलगी आणि तिची आई आली. मुलीची काळी बॅग आदल्या दुपारी क्लबच्या सामान ठेवायच्या काउंटरवरून गायब झाली होती. बॅगेत पासपोर्ट होता, त्यावर व्हिसा लागलेला, आणि दहा दिवसांनी ती शिकायला परदेशी जाणार होती. मुलगी रडत नव्हती, आईच बोलत होती. "साहेब, दीड वर्ष नुसती अभ्यास करतेय ही. पासपोर्ट नाही मिळाला तर वाट लागली ना सगळ्याची." मुलीचा कुणी नातेवाईक मोठ्या पदावर होता. जेवणाच्या आधीच मला वरून दोन फोन आले.

मी गुन्हा दाखल करून घेतला, फौजदाराला पंचनाम्याला पाठवलं आणि खबऱ्यांना कामाला लावलं. क्लबच्या मागच्या गल्लीत गॅरेज चालवणारा एक खबरी होता. चारच्या सुमारास तो आला. "साहेब, काल त्या म्हाताऱ्याने मागच्या दारातून कुणाला तरी काढलं. तोंडावर ओढणी गुंडाळलेली. आणि त्या दारावरचा कॅमेरा बघा, भिंतीकडे तोंड करून बसलाय."

खबर अगदी खरी होती. खोटी खबर पोलिसाला वासावरून कळते, तिचा त्रास नाही. खऱ्या खबरीचा अर्थ आपण आपल्या मनाने लावतो, तिथे घात होतो. मी अर्थ लावला की बॅग मागच्या दाराने गेली आणि हा माणूस सामील आहे. केस उकलली म्हणून मी मोकळा झालो.

त्यांना आणलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस सगळे पिकलेले. मी त्यांना ओळखलं. ओळखायला दोन सेकंदही लागले नाहीत, कारण कॉलेजात असताना दोन वर्षं मी त्या मागच्या खोलीत दर रविवारी नाचायला जात होतो. त्यांनीही मला ओळखलं. ते हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब."

"मागच्या दारातून कुणाला सोडलंस?"

"सोडलं एकाला, साहेब."

"नाव सांग."

"नाव नाय सांगणार."

"कॅमेरा कुणी फिरवला?"

"मीच फिरवला. मालकांना माहीत हाय. त्या दारातून जाणाऱ्याचा फोटो कशाला पायजे?"

फौजदार माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, कबूल करतोय आणि वर तोंड करून बोलतोय." मी म्हणालो, "बसव बाहेर."

'बसवणं' म्हणजे काय ते सांगतो. अटक नाही, नोटीस नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही. माणसाला बाकावर बसवायचं आणि विसरल्यासारखं करायचं. संध्याकाळी घरी सोडायचं, सकाळी दहाला परत हजर. हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही, आणि कुणी विचारलंच तर चौकशीला आले आहेत म्हणायचं. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही गैर आहे असं वाटायचंच नाही. बाक ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर होता. तक्रार द्यायला, भाडेकरूची माहिती द्यायला, कशालाही आलेला माणूस तिथूनच जायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावठाणातले पाच-सहा जण सणाच्या मिरवणुकीची परवानगी मागायला आले. ते त्यांना पाहून बाकावरून उठून उभे राहिले. एकाने मान हलवली, बाकीचे भिंतीवरची सूचना वाचायला लागले. काम होईपर्यंत ते सगळे उभेच राहिले, बाक अर्धा रिकामा असूनही. मी केबिनच्या काचेतून हे बघत होतो.

मला तेव्हा माझे वडील आठवले. वडील मूळचे मालवणचे, परळच्या गिरणीत होते, गिरण्या बंद पडल्यावर मिळेल ते काम करत होते. मी क्लासला जातो असं सांगून नाचायला जायचो. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि एका रविवारी ते थेट त्या दारात येऊन उभे राहिले. मी आत, रेकॉर्ड चालू. आता बाकावर बसलेल्या याच माणसाचा आवाज दारातून स्पष्ट ऐकू आला, "या नावाचं कुणी नाय येत इथे, काका." वडील निघून गेले. संध्याकाळी मी वह्या काखोटीला मारून घरी गेलो, तर ते म्हणाले, "माका वाटला तू थंयच गेलस. चुकला माझा." त्या दिवशी पकडलो गेलो असतो तर वडिलांनी कॉलेज सोडवून मला कुठेतरी चिकटवलं असतं, यात शंका नाही. मग फौजदारकी कुठली आणि ती केबिन कुठली.

हे सगळं आठवत असताना मी माणसाला बाकावर बसवून ठेवलं होतं. का, ते स्पष्ट लिहितो. वरच्या फोनची भीती मला तितकी नव्हती. मला भीती होती ती स्टाफ हसण्याची. कडक म्हणून माझं नाव होतं, क्लबच्या परवान्यांवर मीच लाल शेरे मारायचो. साहेब तरुणपणी तिथे नाचायचे, हे मुन्शीपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी चघळलं असतं. एवढ्यासाठी. लाज वाटते लिहिताना.

दुपारी मी त्यांना केबिनमध्ये एकट्याला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. वाटलं, आता हा जुनी ओळख काढणार, आणि मनात मी उत्तरही तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, "दार उघडं ठेवा साहेब. तुमच्या लोकांना काय वाटेल?"

मी म्हणालो, "हे बघ, एक नाव सांग आणि घरी जा."

"एक नाव सांगितलं की मग मी तिथे उभा कशाला राहू?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "पोरीची बॅग शोधा साहेब. ती इकडे नाय, माझ्याकडे पण नाय."

मी त्यांना परत बाकावर पाठवलं.

तिसऱ्या दिवशी केस सुटली, आणि ती मी सोडवली नाही. आमच्याकडे एक महिला शिपाई होती, भरतीला वर्षही झालं नव्हतं. फाइल लावता लावता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, एक विचारू? एक बॅग गेली म्हणतात, मग ही एक जास्तीची कशी राहिली?" पंचनाम्यात सातव्या ओळीवर लिहिलं होतं: काउंटरमागील खुंटीवर काळ्या रंगाची एक बॅग, मालक अज्ञात. फौजदाराने लिहिलं होतं, खाली माझी सही होती. मी ते वाचलंच नव्हतं. डोक्यात चोर बसला होता ना.

त्या बॅगेत एका कॉलेजचं लायब्ररी कार्ड निघालं. मुलगी मुलुंडची. फोन लावला तर ती म्हणाली, रविवारी घरी येऊन बॅग कपाटावर टाकली ती तशीच आहे, परीक्षा चालू आहे, उघडलीसुद्धा नाही. काउंटरवरच्या नव्या माणसाने दोन सारख्या बॅगांची अदलाबदल केली होती. चार वाजता मुलुंडची मुलगी वडिलांबरोबर बॅग घेऊन आली. पासपोर्ट आतल्या कप्प्यात होता. चोरी झालीच नव्हती.

मी बाहेर जाऊन त्यांना म्हणालो, "जा तू आता."

"मिळाली पोरीची वस्तू?"

"मिळाली."

"बरं झालं," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. माफ करा हे दोन शब्द माझ्या तोंडात होते. ठाणे अंमलदार बघत होता, म्हणून ते तोंडातच राहिले.

इथवरच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पंधरा दिवसांनी ते स्वतःहून आले आणि पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. क्लबच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. मालकांचं म्हणणं पडलं की पोलिसांनी तीन दिवस बसवलेला माणूस दारावर नको, उद्या आपल्यालाच अडचण. कॉलेजातले मित्र हे. पण दोष नाही असं पोलिसांनी लेखी दिलं तर ठेवू, असं मालक म्हणाले होते. "दोन ओळी द्या साहेब. मला दुसरं काय काम येतंय?"

मी त्यांना सांगितलं की असा दाखला देता येत नाही, कारण त्यांना बोलावल्याची नोंदच नाही. नियमाने बोललो, एक शब्द चुकीचा नव्हता. दाखला द्यायचा म्हणजे तीन दिवस विनानोंद बसवल्याचं मीच लिहून द्यायचं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती.

ते म्हणाले, "बरोबर हाय. म्हणजे मी आलोच नव्हतो." आणि गेले. त्या महिन्यात त्यांचं दारावरचं काम सुटलं. जागेवर गणवेशातली दोन तगडी मुलं आली, हातात यादी घेऊन उभी राहणारी.

मागच्या दारातून कोण गेलं होतं हे पुढे त्या महिला शिपायाकडूनच कळलं. एक कॉलेजातली मुलगी होती. तिचा भाऊ दोन मित्रांना घेऊन पुढच्या दाराशी तिला मारायला थांबला होता. ती पुढच्या दाराने बाहेर पडली असती तर मला वेगळाच पंचनामा करावा लागला असता.

नवीन पोरं मला विचारतात, या नोकरीत काय शिकलात. मी सांगतो की गप्प बसणारा माणूस दरवेळी स्वतःलाच वाचवत असतो असं नाही. आणि कुणालाही स्टेशनात बोलावलंत तर आधी डायरीत लिहा. नोंद नसली की पोलीस सुटतो आणि बोलावलेला माणूस कायमचा अडकतो. पोरं मान हलवतात. हे मला कसं कळलं, ते त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात हे लिहून झालं तेव्हा कागद घेऊन मी गावठाणात त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसून त्यांनी चष्मा लावला आणि सगळं सावकाश वाचलं. मी समोर बसून होतो. माफी मागितली, पाच वर्षं उशिरा. ते म्हणाले, "असू दे रे." इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून 'रे' ऐकलं आणि मला मान वर करवेना.

मग त्यांनी माझं पेन मागून घेतलं. आत्याच्या खोलीत मी भाताची पोती लिहिली होती, ती खोडून सुकी मासळी केली. मालकांबद्दल मी जरा जास्तच कडक लिहिलं होतं, ते सौम्य केलं. आणि शेवटी एका ओळीवर आडवी रेघ मारून कागद माझ्या हातात दिला.

"ही काढ," ते म्हणाले. "हिची काय गरज?"

"खरी आहे ना?"

"खरी हाय. पण लोक तुला हसतील."

त्यांच्या बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या मी तशाच ठेवल्या आहेत. ती ओळ मात्र पुन्हा लिहितो. माझे वडील दारात उभे होते तेव्हा मी आत होतो, आणि त्या माणसाला बाकावर बसवलं तेव्हा तीनही दिवस मला ते आठवत होतं.