देवीचं पातळ नेसलेली खुर्ची

त्या नवरात्रात माझं देवीशी भांडण चालू होतं, हे आधीच सांगते. सगळं मिटलंय असं आजही म्हणणार नाही.

मी घाटंजीची. आमच्या घरात कॉलेज कुणी आतून पाहिलं नव्हतं. मी व्हीलचेअरवरून जाऊन बी.ए. केलं आणि त्याच खुर्चीवर टेनिस शिकले. व्हीलचेअर टेनिसच्या एकेरी अजिंक्यपदाचा अंतिम सामना यवतमाळला होता. आदल्या संध्याकाळी आईनं तिथल्याच देवीच्या दर्शनाला नेलं. मांडवाच्या तोंडाशी बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्यानं अडवलं. "खुर्ची चपलांपाशी ठेवा. रस्त्यावरची चाकं हायेत ते. पोरीले उचलून न्या."

"तुमचे पाय काय आभायातून आले? तेही ठेवा ना चपलांपाशी," मी म्हटलं. मागची रांग हसली. आई खाली मान घालून उभी राहिली, तर मला तिचाही राग आला. सगळ्यात जास्त राग आत बसलेलीचा. एवढे हात आहेत तुला, एकही उचलला नाहीस? दर्शन न घेताच मी खुर्ची वळवली.

दुसऱ्या दिवशी त्याच रागात खेळले. पहिला सेट घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात एका लांबच्या चेंडूसाठी वाकले आणि कमरेचा पट्टा तुटला. मला कमरेखाली आधार नाही. पट्ट्याशिवाय जरा झुकले की मी खाली. दुसरा पट्टा जवळ नव्हता. पंचांनी थोडा वेळ दिला, पण वेळेचं काय करू? सामना सोडायचा या विचारानं मी रॅकेट आपटली.

"हात वर कर, बाई."

जाळीच्या दारातून एक अनोळखी बाई आत आली होती. हातात ओटीचं ताट. देवीला निघालेली, वाटेत सामना बघत थांबलेली. तिनं ताटातलं हिरवं पातळ उलगडलं, पीळ दिला आणि माझ्या कमरेभोवती, खुर्चीच्या पाठीभोवती फिरवलं.

"अवो, देवीचं पातळ हाये ते!" आई ओरडली.

"मंग? देवीलेच तं नेसवून राह्यली!" गाठ आवळत ती मला म्हणाली, "श्वास सोड. आता नाही पडत तू."

पंचांनी गाठ ओढून पाहिली. "चालेल," म्हणाले.

दुसऱ्याच्या गाठीवर भरवसा ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पण चेंडू लांब आला आणि मी सगळा भार त्या पातळावर टाकून झुकले, पट्टा असतानाही कधी झुकले नव्हते इतकी. गाठ हलली नाही. सामना मी हरले, पण शेवटच्या चेंडूपर्यंत खेळून. वळून पाहिलं तर ती बाई निघून गेली होती.

आईनं पातळ सोडू दिलं नाही. संध्याकाळी तिनंच खुर्ची मांडवाकडे ढकलली. दारात तोच कार्यकर्ता. "काल सांगतलं ना, खुर्ची बाहेर."

काल गप्प राहिलेली माझी आई पुढे झाली. "माह्या पोरीची खुर्ची देवीचं पातळ नेसली हाये. काढ तुह्या हातानं बाहेर. काढ ना!"

त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. रांगेतल्या बायांनी वाट दिली.

देवीला सुनवायला मी कालपासून बरंच जमवून ठेवलं होतं. समोर गेल्यावर "धरलंस," एवढंच तोंडून निघालं. मांडववाल्यांवरचा राग अजून आहे, आणि तो मी तिच्यापासून लपवत नाही. फक्त त्या संध्याकाळी, गाठ घट्ट आहे का बघायला गेलेला हात मी मध्येच थांबवला आणि पाठ मागे टेकली.