आळणीचा पेला

ती घटना आठवली की आजही मी गोंधळात पडतो. या प्रकरणात नेमका चुकला कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पालम तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना दवाखान्यातून फोन आला. मेंढरं राखणाऱ्या घरातले म्हातारा-म्हातारी रात्रीपासून उलट्या करत होते. विषबाधेचा संशय होता. पाठोपाठ म्हाताऱ्याची लेक ठाण्यात हजर. "भावजयीनंच घातलं, साहेब. सैपाक तिचा, अन् तिनं घासबी घेतला न्हाई."

संशयाला एवढं पुरलं. महिला हवालदाराला सोबत घेऊन सुनेची चौकशी सुरू केली. तिचा नवरा फौजेत. सुटीवर येताना त्यानं नेमणूक होती तिथल्या डोंगरातून स्वतः वेचून वाळवलेल्या गुच्छीची माळ आणली होती. गुच्छी म्हणजे जाळीदार टोपीची रानअळंबी, तिकडे फार महाग. तो परत गेला आणि आदल्या दुपारी सुनेनं त्यातली थोडी रांधली.

"तू का नाही खाल्लीस?"

"गुरुवार होता, साहेब. उपास धरते मी."

बोलता बोलता ती उठली, बाहेर जाऊन ओकली आणि डोकं धरून बसली. जमादारानं माझ्याकडे सूचक बघितलं. मीही मनात 'नाटक' अशीच नोंद केली. घरझडतीत फवारणीच्या औषधाची बाटली मिळाली, पण तिचं सीलही फुटलेलं नव्हतं. तरी दोन दिवस मी त्या बाईलाच उलटसुलट विचारत राहिलो.

तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला. म्हातारी सावरली. एकाच भांड्यातलं खाऊन एक मेला, एक वाचली, आणि जिनं खाल्लंच नाही ती ओकत होती. माझं डोकं चालेना.

उरलेली माळ घेऊन परभणीला अळंबीच्या जाणकार प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी चार-पाच भिजवून उभ्या चिरल्या. "खरी गुच्छी आतून सलग पोकळ असते. या दोन बघा, आत नुसत्या घड्या. ही नकली, विषारी. हिचं विष वाफेतूनही उडतं. चुलीपाशी बसणाराही आजारी पडतो. बरंचसं पाण्यात उतरतं. पाणी फेकलं तरी ती खाऊच नये. ते पाणी कुणी प्यायलं का?"

परतल्यावर सुनेला पहिल्यांदा सरळ विचारलं.

"मटणावानी शिजवलं, साहेब. मसाला घालायच्या आधी आळणी काढली, मामंजीला दिली. पयला मान त्यांचा. लय आवडली त्यांना. आणखी मागितली."

आमच्याकडे मटणाचं ते बिनमसाल्याचं पाणी घरातल्या थोराला आधी देतात. तिनं मायेनं तेच केलं होतं.

तपासणीतही दुसरं विष निघालं नाही. आकस्मिक मृत्यू म्हणून कागद बंद झाले. मी तिला बोलावून सांगितलं, "तुझ्यावर काही नाही. जा घरी."

ती उठेना. "पर पेला म्याच दिला ना, साहेब?"

पहिल्याच दिवशी तिला दवाखान्यात पाठवलं असतं, तर न खाता ही का ओकते, हा प्रश्न एखाद्या डॉक्टरला पडला असता. विष वेळेत ओळखलं जाऊन म्हातारा कदाचित वाचलाही असता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक नेम पाळला: माणूस आजारी दिसला की आधी दवाखाना, मग जबाब.

तिनं पेला नकळत दिला होता. मी मात्र तिला डोळ्यांदेखत ओकताना बघितलं होतं.