दारव्हा ते पुसद, माजघरातून

माझ्या साडूभाऊंइतका कर्तव्यदक्ष रेल्वेवाला सगळ्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्यांच्या रेल्वेचा एक रूळही जागेवर उरलेला नव्हता. दारव्ह्याहून दिग्रसवरून पुसदला जाणारी छोटी गाडी लढाईच्या दिवसांत बंद झाली, रूळ काढून नेले, आणि मागे राहिला तो बोरी-बाभळींनी भरलेला मातीचा भराव. साडूभाऊ त्या लाईनवर दिग्रस स्टेशनात सांधेवाले होते. गाडी आली की दांडा ओढून तिला हव्या त्या रुळावर घ्यायची, हे त्यांचं काम. लाईन गेल्यावर ते गावातल्या एका जिनिंगात फिटर म्हणून लागले. पण आपण रेल्वे सोडली असं त्यांना कधी वाटलंच नाही. घराच्या माजघरात भिंतीकडेनं वळसे घेत त्यांनी दारव्ह्यापासून पुसदपर्यंतची सबंध लाईन पुन्हा घातली होती.

माझं लग्न सत्तावन्न साली झालं. बायकोची सगळ्यांत थोरली चुलत बहीण दिग्रसला दिलेली. तिला आम्ही अक्का म्हणायचो, आणि अक्कांचे यजमान म्हणून हे माझे साडूभाऊ, वयानं मात्र माझ्या वडिलांच्या जवळपास. मी दारव्ह्याच्या शाळेत मास्तर, त्यामुळे ते मला पहिल्या दिवसापासून गुरुजीच म्हणत. लग्नानंतर प्रथमच जेवायला गेलो, पाय धुऊन आत आलो, तर ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमचा पाय पुलावर हाय. सवकाश उचला. खाली पाणी हाय." खाली खरंच पाणी होतं, म्हणजे फुटक्या आरशाचा एक लांबट तुकडा होता. मी पाय उचलला, आणि रुळांवरचं चिमुकलं फाटक उघडेपर्यंत पाटावर जाता येणार नाही असं कळल्यावर बायकोच्या शेजारी निमूट उभा राहिलो.

रूळ होते कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे, उभे चिरून घेतलेले. स्लीपर सागाच्या ढलप्यांचे, डबे बिस्किटांच्या पत्र्याचे आणि इंजिनाच्या पोटात गजराच्या घड्याळाची कमान. गाडी प्रत्येक स्टेशनात थांबायची, कारण वेळापत्रकात तसा थांबा होता, आणि किल्लीही तेवढीच पुरायची. एका मैलाला एक वीत असा हिशेब. पुढे सरकारनं मैल जाऊन किलोमीटर आणले, तेव्हा मी त्यांना ते समजावून सांगायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पुसद जवळ आलं काय?" मी नाही म्हटलं. "तर मंग राहू द्या."

बांधण्यापेक्षा राखणं कठीण, असं ते म्हणत. उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन घरात शिरून पट्ट्या फुगवतं, म्हणून दोन रुळांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायची. पावसाळ्यात गंज धरतो, म्हणून एरंडेलाचा हात फिरवायचा. दर रविवारी सकाळी साडूभाऊ गुडघ्यांवर बसून, हातात सोनाराची असते तशी हातोडी घेऊन, एकेक रूळ ठोकत आणि कान देऊन ऐकत सबंध लाईन तपासत. दारव्ह्याहून निघालेला माणूस पुसदला पोचेपर्यंत जेवण निवून जायचं. अक्का चुलीपाशी बसून म्हणायच्या, "माह्या वाट्याले सारवाले तीन हात जमीन, अन् यायच्या गाडीले वीस." तरी सारवताना शेणाचा हात रुळांच्या चार बोटं अलीकडे त्या न चुकता थांबवत.

एस.टी.च्या बसशी साडूभाऊंचं वैर होतं. दारव्ह्याला आमच्याकडे यायचं झालं तर जुन्या भरावावरून चालत येत, काटे काढत बसत, पण बसमध्ये चढत नसत. कारण विचारलं तर म्हणाले, "तिले रूळ नाही, गुरुजी. ती कुठंबी जाऊ शकते. अशा गाडीवर भरवसा कायले ठेवाचा?" हे वाक्य मी दारव्ह्यात पुष्कळ वर्षं सांगितलं आणि लोकांना हसवलं.

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. दिग्रस सोडल्यावर पुसदच्या अलीकडे एका नाल्यापाशी गाडी थांबायची. तिथं स्टेशन नव्हतं, साधा फलकही नव्हता. किल्ली संपलेली नसतानाही साडूभाऊ बोट लावून तिला थांबवत, काही वेळ तसेच बसत आणि मग सोडून देत. वेळापत्रक इतकं कडक पाळणारा माणूस रानात गाडी का उभी करतो, हे मी एकदा थट्टेनं विचारलं. ते म्हणाले, "सिग्नल नाही." त्यावर मी आणि माझी बायको घरी जाईपर्यंत हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

साठ साल उलटल्यावर दिग्रसमध्ये बोलवा उठली की जुनी लाईन मोजायला कोणीतरी साहेब आला आहे. साडूभाऊंनी जिनिंगमधून रजा घेतली, पेटीतला रेल्वेचा काळा कोट काढला, मला निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि त्या साहेबाला सरळ घरी आणलं. तो तरुण ओव्हरसियर होता. अक्कांनी पोहे केले होते. तो माजघरात आला, लाईन पाहिली आणि बूट काढून गुडघ्यांवर बसला. मोऱ्या मोजल्या, चढ पाहिले, वहीत काहीबाही लिहून घेतलं. साडूभाऊंचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "रूळ कधी येतीन, साहेब?"

ओव्हरसियर संकोचला. "काका, मी रेल्वेचा नाही, सडकेचा आहे. पुसदचा रस्ता पावसाळ्यात बंद पडतो. तो पक्का करायचा आहे. तुमचा जुना भराव कुठे कुठे वापरता येईल, ते पाहायला आलो."

पोह्यांची ताटली अक्कांच्या हातात तशीच राहिली. मग साडूभाऊंनी कोटाची वरची गुंडी सोडली आणि ते पुन्हा खाली बसले. "तरी पाह्यून घ्या," ते म्हणाले. "पाणी काही रूळ पाह्यून येत नाही." गाडी थांबायची त्या नाल्यावर त्यांनी बोट ठेवलं. "इथं लहान मोरी देऊ नका. दोन कमानींचा पूल करा. रेल्वेचा पूल होता तवा काही वाटे नाही. तो काढला अन् मंग हा नाला कोणाले जाऊ देत नाही. माही बैलबंडी इथं दोन दिवस अडकून होती."

ओव्हरसियर लिहून घेऊन गेला. साडूभाऊ मागच्या दारी जाऊन बसले, आणि अक्कांनी मला बाकीचं सांगितलं. त्यांना एकच मुलगी होती, गोदा. पुसदच्या पलीकडच्या खेड्यात दिलेली. रूळ काढले त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात ती आजारी असल्याचा निरोप आला. हे दोघं बैलबंडीनं निघाले आणि त्या नाल्याच्या पुरानं अडले. तिसऱ्या दिवशी पोचले, तोवर तिचं सगळं आटोपलं होतं. गोदा गेल्याचं माझ्या बायकोला ठाऊक होतं, नाल्याचं नव्हतं. "गाडी असती तर दिवे लागाच्या आत पोचलो असतो," अक्का म्हणाल्या. "अन् त्या पुलावरचे रूळ यायनंच खोलले होते, गुरुजी. साहेबानं सांगतलं, खोला, तर खोलले. तवापासून त्या गावाले आमी गेलोच नाही."

सडक व्हायला दोन वर्षं लागली. पूल दोन कमानींचा झाला. एका सकाळी साडूभाऊ आपणहून म्हणाले, "चाला, जाऊन येऊ." आम्ही चौघं बसमध्ये बसलो. ते खिडकीशी, हात मांडीवर पालथे ठेवून. पुलावरून बस गेली, नाला कोरडा होता, बाकीच्या उतारूंना तो दिसलाही नसेल. त्या खेड्याच्या फाट्यावर उतरल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि अक्कांना म्हणाले, "दीड घंटा." अक्का म्हणाल्या, "हो." मग आम्ही गावाची वाट धरली.

जावई शेतात होता. त्यानं गोदाच्या मागं दुसरं लग्न केलं होतं. दारात ती दुसरी बायको आली, तिशी उलटलेली, उंच, हाताला पीठ लागलेलं. आम्ही कोण हे कळल्यावर तिनं हात धुतले, पदर घेतला आणि दोघांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "मले माहेर नाही, बाबा. माय-बाप लहानपणीच गेले. लगन झालं तवापासून वाट पाहून राह्यली होती, तुम्ही कधी येसान." साडूभाऊ खांबाला टेकून बसले आणि तिनं दिलेला चहा थंड होईपर्यंत हातात धरून राहिले.

त्यानंतरही माजघरातली गाडी ते चालवत. फक्त ती आता रानात थांबत नसे.

साडूभाऊंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की लोक गाडीच्या गोष्टी सांगतात, मीही सांगतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र येते ती दिवाळीनंतरची एक दुपार. जावयाची ती दुसरी बायको पहिल्यांदाच माहेरपणाला दिग्रसला आली होती. अक्कांनी पेटीतून गोदाचं हिरवं लुगडं काढून तिला दिलं होतं, पण ही गोदापेक्षा उंच, ते घोट्यापर्यंत पोचेना. म्हणून अक्का आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी त्याला खालून जोडत होत्या, आणि साडूभाऊ उंबऱ्याशी बसून, सुई डोळ्यांजवळ नेऊन, त्यांना दोरा ओवून देत होते.

"उद्याच निघते म्हणतेस काय?" त्यांनी सुईकडेच पाहत विचारलं.

"हो, बाबा. घरी म्हशीचं दूध काढाले कोणी नाही."

"काढीन तो. ऱ्हाय ना दोन दिवस."

ती राहिली. मी दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला निघालो तेव्हा पट्टी जोडून झाली होती, आणि धुतलेलं लुगडं अंगणातल्या दोरीवर वाळत होतं.