हवेतला पाय

११ जुलै रोजी रुफातच्या खात्यावर २,४६० देनार जमा झाले. देबार शहरातल्या एका मोबाइलच्या दुकानाने त्याच्या व्हिडिओत जाहिरात घातली होती, त्याचे हे पैसे. एकवीस वर्षांच्या आयुष्यात ढोल न वाजवता झालेली ही त्याची पहिली कमाई.

ढोल तो नवव्या वर्षापासून वाजवत होता. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक काडी, आणि शेजारी सेफेरकाकाची सनई. लग्नांच्या मधल्या वेळात तो मोबाइलवर नकला करून टाकायचा. पाहुणा वादकाच्या कपाळाला नोट चिकटवतो आणि फोटो निघताच परत घेतो, ही त्याची गाजलेली नक्कल. ती जाहिरात असलेल्या शेवटच्या व्हिडिओत मात्र त्याने आपोस्तोलआजोबांच्या पायाला हात घातला.

डोंगरावरच्या गावात १२ जुलैच्या सणाला पुरुषांचा जुना नाच होतो. रांगेचा म्होरक्या पाय उचलून हवेत धरतो, आणि तो जमिनीला टेकेपर्यंत ढोल गप्प राहतो. गेली तीस वर्षे म्होरके आपोस्तोलच. व्हिडिओत रुफात त्यांच्यासारखा पाय उचलतो, तेवढ्या वेळात कॉफी उकळतो, पितो, दाढी करतो, आणि मग पाय खाली येतो. तीन लाख लोकांनी तो पाहिला. त्यांतल्या एकाने, म्हणजे आपोस्तोलांच्या झ्युरिकच्या नातवाने, तो कौतुकाने आजोबांना पाठवला.

आजोबांचा निरोप आला, "विदूषकाच्या ढोलावर मी नाचत नाही."

"तीस वर्षं ह्या गावचं खातोय आपण," सेफेरकाका म्हणाला. "म्होरक्या नाचला नाही, तर पुढच्या सणाला दुसरा ताफा येईल. कमावलंस."

"जाऊन माफी मागू का?"

"तोंडाने? तोंडानेच तर घाण केलीस. ढोलाने माग. मी त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलंय, की सुरुवात करून बघा. नाही पटलं तर रांग सोडा."

दुसऱ्या दिवशी माळ माणसांनी भरला. सनईने सूर लांबवला. आपोस्तोल रुमाल धरून रांगेच्या टोकाला उभे राहिले. रुफातकडे त्यांनी पाहिलेही नाही. पाय उचलला, आणि धरून ठेवला.

पोरांचे मोबाइल वर झाले. रुफातचा चुलतभाऊ नाझिफ कॉफीचा कप उंच धरून ओरडला, "रुफात, साखर किती घालू?"

हशा पिकला. रुफातच्या ओठांवर उत्तर आले होते, चांगले होते. त्याने ते गिळले आणि आजोबांच्या टाचेवर नजर ठेवली. आजोबा नेहमीच्या दुप्पट थांबले. गुडघा थरथरू लागला. दुसऱ्या कुणी दया येऊन हळूच टिपरू टेकवले असते, म्हणजे म्हाताऱ्याला पाय टाकायला निमित्त मिळाले असते. रुफातने हात हलवला नाही.

टाच खाली आली. टिपरू पडले. आवाज एकच झाला.

पुन्हा पाय, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माळावर कुणी हसत नव्हते. नाझिफने कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

नाच चढत गेला. शेवटी म्होरक्याने ढोलावर चढायचे असते. रुफात गुडघ्यावर बसला आणि ढोल आडवा करून दोन्ही हातांनी घट्ट धरला. बराच वेळ काहीच झाले नाही. मग लाकडावर एक पाय आला. त्यामागून दुसरा.

वर तोल सावरत, खाली न बघता, आपोस्तोल पुटपुटले, "कॉफी झाली का रे?"

"उकळतेय, आजोबा. तुमचं चालू द्या."

ढोल हादरला. म्हातारा वर हसत होता.

जेवताना आजोबांनी त्याला शेजारी बसवून घेतले आणि कोकराच्या मांसाचा मोठा तुकडा त्याच्या पानात टाकला. "त्या सिनेमाचे किती मिळाले?"

"दोन हजार चारशे साठ."

"दाढी तुझी, पाय माझा. निम्मे काढ."

रुफातने हजाराची नोट काढली, जिभेला लावली आणि आजोबांच्या कपाळाला चिकटवली. नाझिफने फोटो काढला. नोट परत घेतली नाही.

उरलेले २३० देनार रुफातने अजून दिलेले नाहीत.