मिटल्या डोळ्यांचं भांडण

आमच्या मंडळीत भांडणं होत नाहीत. ख्रिस्ती माणसानं भांडू नये, हे आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. म्हणून आम्ही आधी डोळे मिटतो आणि मग जे काही बोलायचं ते देवाला सांगतो. देवाला ते ऐकू जातं, आणि समोरच्या सतरंजीवर बसलेल्यालाही.

या कलेत माझे यजमान आणि माझे थोरले दीर यांचा हात धरणारं अख्ख्या परभणीत कुणी नव्हतं. दोघेही चर्चचे पंच, दोघेही निवृत्त. हे शाळेतून, दीर एसटीतून. सासूबाई गेल्यावर दोघांनी मिळून चर्चला पंखा दिला. पंख्याच्या पातीवर देणाऱ्याचं नाव रंगवायची आमच्याकडे रीत आहे. दान गुप्त असावं, हा उपदेश आम्ही त्याच पंख्यांखाली बसून ऐकतो. पेंटरनं आधी सासूबाईंचं नाव लिहिलं, मग दिरांचं लिहिलं, पुढे ‘व परिवार’ लिहिलं, आणि पाती संपली. आमचे हे त्या परिवारात गेले.

“पंख्याला तीन पात्या असतात,” एवढंच हे म्हणाले.

“फिरायलाय तवा कुणाचं नाव दिसायलंय?” दीर म्हणाले.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. घरी येणंजाणं बंद. जाऊबाई आणि मी मागच्या दारानं डब्यांची देवाणघेवाण करायचो, तेवढंच.

बोलणं बंद होतं, प्रार्थना चालू होती. बुधवारी घरसभेत दीर उभे राहायचे. एरवी ‘लय’ आणि ‘न्हाई’शिवाय न बोलणारा माणूस, पण देवाशी एकदम शुद्ध. “हे दयाळू स्वर्गीय पित्या, ज्यांना मानपानाची भूक आहे, त्यांना नम्रतेचे वस्त्र घाल.” ते बसतात न बसतात तोच हे उभे. “हे प्रभू, जे धाकट्यांचा वाटा गिळून तुझ्यासमोर उभे राहतात, त्यांना क्षमा कर. ते सारे काही कळूनसवरून करतात.” यावर सगळी सभा मनापासून आमेन म्हणायची. बुधवारची हजेरीही चांगली असे.

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण आणि उत्साही. त्यांनी शनिवारी आत्मिक प्रौढतेचे वर्ग सुरू केले. प्रौढता एका दिवसात येत नाही, झाडासारखी धीरानं वाढवावी लागते, असं ते सांगायचे. दोघा भावांनी एकही वर्ग चुकवला नाही. पहिल्याच रांगेत बसायचे, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. सहनशीलतेवर तर हे इतकं सुंदर बोलले की पाळकसाहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. घरी आल्यावर यांनी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं.

मला एकच हवं होतं. यांनी भावाशी एकदा सरळ बोलावं, देवाला मध्ये न घालता. वयं झाली होती दोघांची. मी तसं तोंडावर सांगितलं.

“मी रोज प्रार्थना करायलोय की त्याच्यासाठी,” हे म्हणाले.

“ती आधी बंद करा.”

त्या उन्हाळ्यात दिरांना लकवा मारला. एक बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर बुधवारची सभा त्यांच्याच घरी, खाटेभोवती भरली. सभा सुरू व्हायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. पाळकसाहेबांनी यांना प्रार्थना करायला सांगितलं. हे उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले, माझा यांच्यावर भरवसा नव्हता.

“हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या या दासाने, ज्याने आयुष्यभर…”

हे थांबले. इथे दीर नेहमी खाकरायचे, पुन्हा आपली पाळी येते आहे हे कळवायला. हे त्या खाकरण्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही. शेवटी यांनी डोळे उघडले. दीर यांच्याकडेच बघत होते. घामानं त्यांची उशी भिजली होती.

यांनी जाऊबाईंच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि वारा घालायला लागले.

“दादा, हवा लागायलीय का?”

दिरांनी मान डोलावली. प्रार्थना तशीच अर्धी राहिली, आणि आमेन कधी म्हणायचं ते कुणाला कळेना.

पुढच्या शनिवारी पाळकसाहेबांनी धीराचं फळ म्हणून वर्गात हाच दाखला दिला. मला संताप आला. एका भावाची वाचा गेल्यावर दुसऱ्याला कंठ फुटला, याला प्रौढता म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आता हे रोज सकाळी तिकडे जातात. पेपर वाचून दाखवतात, जिंतूरच्या बाजारातला सोयाबीनचा भाव सांगतात, शाळेतल्या जुन्या गोष्टी सांगतात. इतक्या वर्षांचं साचलेलं बोलतच राहतात. दीर ऐकतात. दुपारी घरी आले की हे पाण्याचा तांब्या हातात घेऊन माझ्यासमोर बसतात आणि विचारतात, “यावर दादा काय म्हणला असता गं?”