दुसरा ब्रेक

गाडी शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. मास्तरीणबाईंचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर वर्षानुवर्षं नुसता टेकलेला असे. तो दाबायची वेळ क्वचितच येई, आणि याचा त्यांना कोण अभिमान! घाबरट सुना, हट्टी सासरे, 'मला सगळं येतं' म्हणत चालत्या गाडीत आरशात केस नीट करणाऱ्या पोरी, सगळ्यांना त्यांनी आवाजही न चढवता तयार केलं होतं.

अलीकडे मात्र बाईंचाच जीव थाऱ्यावर नव्हता. झोप धड लागत नसे, लागलीच तर घामानं मोडे. पाळी कधी लवकर येई, कधी पत्ताच नाही. घरी भांडं पडलं तरी डोक्यात तिडीक जाई आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडणं होई. नवरा बिचारा सरळ, त्याच्याकडे एकच औषध होतं: जरा पडून राहा. पडून राहून बरं वाटलं असतं तर आणखी काय हवं होतं? आणि रस्त्यावर, समोर काही नसताना, छातीत धस्स होऊन पाय आपसूक ब्रेकवर दाबला जाई.

नेमकं परीक्षेच्या दिवशीही तेच झालं. गाडी चालवत होत्या ग्रंथालयातल्या बाई, वयानं मास्तरीणबाईंपेक्षा मोठ्या. मागच्या सीटवर परीक्षक. वळण अगदी झकास घेतलं जात होतं, आणि मास्तरीणबाईंनी ब्रेक दाबला. शिकवणाऱ्यानं ब्रेक दाबला की शिकणारा नापास, असा नियमच आहे. चूक माझी, असं त्या परीक्षकाला परोपरीनं सांगत राहिल्या, पण तो नियमावर बोट ठेवून उतरून गेला.

गाडीत दोघीच उरल्या. आपलं डोकं ठिकाणावर नाही, उद्यापासून शिकवणं बंद, असं मास्तरीणबाईंनी सांगून टाकलं. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

ग्रंथालयातल्या बाई चिडल्या नव्हत्या असं नाही. पण त्यांनी झोपेचं विचारलं, पाळीचं विचारलं, वयही विचारून घेतलं.

"मॅडम, तुम्हाला वेडबिड काही लागलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी यातून गेलेय. परीक्षा मी पुन्हा देईन, तुम्हालाच शेजारी बसवून. पण आधी डॉक्टरकडे चला. मी येते सोबत."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सगळं निवांत ऐकून घेतलं. पाळी जायच्या आधी काही वर्षं हार्मोन्स वरखाली होतात, त्यात झोप, मन, धीर सगळंच ढवळून निघू शकतं आणि यावर उपचार आहेत, असं त्यांनी समजावलं. गोळ्या दिल्या, एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. बरं वाटेपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, पण कायमचं बंद करायचं काही कारण नाही, असंही बजावलं. जाता जाता त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास झाला होता का?

मास्तरीणबाई पटकन नाही म्हणाल्या, आणि घरी पोचेपर्यंत थोरली बहीण काही डोक्यातून जाईना. ताई शाळेत गणित शिकवायची. साधारण याच वयात एका दुपारी ती वर्गातून उठून घरी आली, ती परत शाळेत गेलीच नाही. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळे म्हणायचे. त्या सगळ्यांत मास्तरीणबाईही होत्या.

त्यांनी ताईला फोन लावला आणि डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं सांगितलं.

"म्हणजे मी वेडी नव्हते," ताई म्हणाली.

"नव्हतीस गं, ताई. आम्हाला कळलं नाही."

"मला माझा वर्ग फार आवडायचा गं," ताई म्हणाली. "तू गाडी सोडू नकोस."