पेला खाली धरणारे मुकादमचाचा

इस्माईल मुकादम यांची आणि माझी ओळख एका फोनमुळे झाली. बंदरावर रुजू होऊन मला नऊ दिवस झाले होते. जहाजातून कंटेनर उतरवणाऱ्या क्रेनच्या नियंत्रण-यंत्रणेचे काम माझ्याकडे होते. ते क्रेनचालकांचे प्रशिक्षक होते. तोवर आम्ही कामापुरते हिंदीत बोलत होतो. जेवणाच्या सुट्टीत मी आईला फोन केला आणि "जेवले. बरी आहे. ठेवते," एवढे बोलून ठेवला. मागच्या बाकावरून त्यांचा आवाज आला, चक्क मराठीत, "अगो, आईशी बोललीस की कंट्रोल रूमला रिपोर्ट दिलास?"

मी वळून पाहिले. ते हसले आणि डब्यातली भाकरी माझ्याकडे सरकवली. त्या दिवसापासून मी त्यांना चाचा म्हणते.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून ते इथे कतारला, दोह्यात आले त्याला सत्तावीस वर्षे झाली. इतकी वर्षे ते शहरातल्या नजमा भागात, चार जणांच्या खोलीत राहिले आहेत. त्यांची शिकवण्याची रीत बंदरावर सर्वांना ठाऊक आहे. नव्या चालकाला ते पहिला पूर्ण दिवस काहीच करू देत नाहीत. त्याने केबिनमध्ये बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि खाली झुलणारा कंटेनर आपोआप शांत होईपर्यंत पाहायचा. कारण प्रत्येक नवखा एकच चूक करतो. कंटेनर डावीकडे झुलला की तो क्रेन उजवीकडे ओढतो, उजवीकडे गेला की डावीकडे, आणि झोका वाढतच जातो. "त्याच्या मागे किती धावशील? तो परत येतो तेव्हा त्याच्यासोबत एकदा जा, बस," असे चाचा सांगतात. त्यांच्या स्वतःच्या हाताच्या हालचाली मी यंत्रावर नोंदवून पाहिल्या आहेत. आमच्याकडे त्यांच्याइतके कमी हलवून काम करणारे दुसरे कोणी नाही.

हे ठाऊक असूनही तीच चूक मी केली.

नव्या क्रेनची चाचणी चालू होती. झोका आपोआप थांबवणारा प्रोग्रॅम मी बसवला होता. क्रेनच्या मोटारींचे नियंत्रण लिन नावाच्या चिनी इंजिनिअरकडे होते. चाचणी दोनदा फसली. तिसरी फसली असती तर मला नोकरीत कायम केले गेले नसते. बैठकीत मी म्हणाले, "माझ्या बाजूने सगळे ठीक आहे." लिनही तेच म्हणाले. त्यानंतर दोन दिवसांनी मला कळले की मी झोक्याच्या दुरुस्तीचा, म्हणजे क्रेन उलट ओढण्याचा, जोर प्रमाणाबाहेर ठेवला आहे. मी ते कोणालाही सांगितले नाही.

त्या शुक्रवारी दुपारी लिन यांनी मला आणि चाचांना मदिनत खलीफा भागातल्या त्यांच्या बिऱ्हाडी जेवायला बोलावले. पाहुण्यांचा मान राखून टेबलावर दारू ठेवली नव्हती. जेवण शांततेत, जवळजवळ बैठकीसारखे चालले होते. शेवटी लिन स्वतःच म्हणाले, "आमच्याकडे अशा वेळी आधी पितात. प्यालेल्या माणसाला खोटे सांभाळता येत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो." मग त्यांनी त्यांच्याकडचा एक फार जुना विचार सांगितला. प्रयत्न दिसू लागला की काम बिघडते. उत्तम काम केल्यासारखे वाटतच नाही. गाडीतून पडलेला दारुडा वाचतो, कारण पडताना तो अंग आखडत नाही. "पण त्याच लोकांना दारूची भीतीही होती," ते पुढे म्हणाले. "म्हणून जुन्या समारंभांत प्रत्येक घोटाआधी इतके नमस्कार असत की दिवसभर पिऊनही माणूस शुद्धीवर राही."

चाचांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, आणि पिणाऱ्याला कधी उपदेशही केलेला नाही. ते आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मग नमस्कार ठेवा की! दारू तेवढी काढा." त्यांनी सोबत आणलेल्या थर्मासमधून कोकम सरबत सगळ्यांच्या पेल्यांत ओतले.

लिन उभे राहिले. चिनी रिवाजाप्रमाणे मान द्यायचा असेल तर आपल्या पेल्याची कड समोरच्याच्या कडेखाली धरायची असते. लिन यांनी पेला खाली नेला. चाचांनी ते पाहिले आणि स्वतःचा त्याहून खाली नेला. "तुम्ही वडील आहात," लिन म्हणाले आणि आणखी खाली गेले. "तुम्ही यजमान," म्हणत चाचा गुडघ्यांतून वाकले. पेले टेबलाच्या खाली गेले. दोघे उकिडवे बसले आणि अखेर चाचांनी आपला पेला फरशीवर टेकवला. "खलास! आता याच्या खाली जायचे तर खालच्या बिऱ्हाडात जावे लागेल." मग मराठीत मला म्हणाले, "हसतेस काय गो? उठव मला. गुडघा अडकला."

मी खरोखरच हसत होते. त्यांना हात देऊन उठवताना माझ्या तोंडून निघून गेले, "लिन, माझ्या बाजूला चूक आहे. मला दोन दिवसांपासून माहीत आहे."

लिन यांनी पेला खाली ठेवला. "जोर मीही वाढवला होता," ते म्हणाले. "सांगितले नाही."

एकाच झोक्यामागे आम्ही दोघे धावत होतो, एकमेकांपासून लपवून. चाचा दोघांकडे पाहत एवढेच म्हणाले, "उद्या दोघांनीही हात जरा काढा." आम्ही काढला. तिसऱ्या चाचणीत कंटेनर एका झोक्यात थांबला. मी चूक लपवली होती, हा विषय चाचांनी पुन्हा कधीही काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात मला ताप आला. माझ्या इमारतीच्या पहारेकऱ्याकडे ते रोज पेज ठेवून जात. वर कधी आले नाहीत. "एकट्या मुलीच्या दारात मी कशाला येऊ? तुझ्या चाची विचारतील," असे त्यांनी कळवले, आणि रोज दुपारी रत्नागिरीहून, ज्यांना मी पाहिलेलेही नाही त्या चाचींचा फोन येई, "ताप किती गो आज?" आपल्या धाकट्या मुलीचा निकाह ज्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिला, त्या माणसाने ही सोय केली होती. त्या निकाहाच्या दिवशीही ते कामावर होते. त्यांना एकटे वाटत असेल का, हे मी कधी विचारले नाही. त्यांनी मला ते फार पूर्वी, त्या बाकावर, विचारले होते असे आता वाटते.

साठावे वर्ष पूर्ण होताच त्यांची नोकरी संपते आहे आणि नोकरीबरोबर इथला मुक्कामही. पुढच्या महिन्यात ते गावी जातील. ही आनंदाची गोष्ट आहे. गावी सत्तावीस वर्षे ज्यांनी त्यांची वाट पाहिली त्यांचा हक्क आधी. पण ते गेल्यावर बंदरावर माझ्याशी मराठीत बोलणारे कोणी उरणार नाही. आईशी मी आता अकरा मिनिटे बोलते. तेवढे पुरणार नाही, याचा अंदाज मला आला आहे.

मुकादमचाचांना उदंड आयुष्य लाभो, चाचींच्या हातचे जेवण रोज गरम मिळो, आणि त्यांचे गुडघे बरे राहोत. या शेवटच्या इच्छेत माझा स्वार्थ आहे. रजा मिळाली की मी रत्नागिरीला जाणार आहे आणि सरबताचा पेला हातात आला की तो सरळ जमिनीवर ठेवणार आहे. त्याच्याही खाली कसे जायचे, ते चाचांनी तोवर ठरवून ठेवावे.